इस्पिकचा एक्का कोणाकडे

डॉक्टर रमणनी ज्युलियसला एकट्याला आत बोलावलं. त्याची बायको इव्हॉन बाहेर बाकावर बसून राहिली.

कॅन्सर तिच्या पोटात सगळीकडे पसरला होता. ऑपरेशनची वेळ गेली होती. आता काही महिने, आणि दुखणं कमी करायच्या गोळ्या.

"त्यांना सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"मी सांगतो," ज्युलियस म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं, अल्सर आहे. त्यांच्यात असंच चालत आलं होतं. त्याच्या आईला शेवटपर्यंत कावीळच सांगितली होती. आजाराच्या नावानेच माणूस खचतो, असं सगळे म्हणत. मस्कतमधल्या वादी कबीर भागातल्या फ्लॅटवर पोचल्यावर त्याने इव्हॉनला सोफ्यावर बसवलं आणि चहा ठेवला.

पण एकट्याला हे पेलेना. त्याने फेबियनला सांगितलं. फेबियन इव्हॉनचा धाकटा भाऊ, मस्कतमध्येच हॉटेलात कामाला होता. तो बराच वेळ रडला.

"ताईला कळता कामा नये," ज्युलियस म्हणाला. "तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. शपथ घे."

फेबियनने गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि शपथ घेतली.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे पत्ते मांडले. वरच्या मजल्यावरची डायना आली, ज्युलियसच्या ऑफिसातला धनंजय आला, फेबियन आला. खेळ कोरियन होता, मायटी नावाचा. सोहारच्या साइटवर एका कोरियन फोरमनने तो ज्युलियसला शिकवला होता आणि ज्युलियसने घरी आणला होता.

खेळायला पाच जण लागतात. जोकर धरून त्रेपन्न पत्ते; प्रत्येकाला दहा, तीन खाली उरतात. ज्याची बोली मोठी, तो ते तीन उचलतो, नको ते तीन टाकतो, हुकूम ठरवतो आणि एका पत्त्याचं नाव घेतो. तो पत्ता ज्याच्या हातात, तो त्याचा भिडू. पण भिडूने बोलायचं नाही. बाकीच्या तिघांत मिसळून राहायचं. पत्ता टेबलावर पडेपर्यंत कोण कोणाचा, ते कळत नाही.

इव्हॉनने बोली जिंकली. "हुकूम बदाम. माझा भिडू इस्पिकचा एक्का."

सगळ्यांनी आपापले पत्ते पाहिले.

"चहा कोण घेणार?" ज्युलियस उठत म्हणाला.

"भावजी, परत दूध उतू घालवू नका," फेबियन म्हणाला. "मागच्या वेळी अख्खी शेगडी मी पुसली."

"तू पुसलीस? स्वप्नात?" डायना म्हणाली.

"एक्का फेब्याकडेच आहे," धनंजय म्हणाला. "बघा, जास्त बडबडतोय."

चहा आला. डाव चालू राहिला. इव्हॉनचा एक हात जाणार असं दिसलं, तेव्हा ज्युलियसने इस्पिकचा एक्का टाकला.

"मला माहीत होतं," इव्हॉन हसून म्हणाली.

"कसं?"

"ते सांगितलं तर पुढच्या डावात काय करू?"

पुढचे महिने ज्युलियस ऑफिसातून सरळ घरी येई. तिला उठू देत नसे. दार उघडलं की आधी गॅस पेटवून चहा ठेवी, मग बूट काढी. ती हसून कप घेई. अल्सर बरा व्हायला वेळ लागतो, असं तो म्हणे. हो, लागतो, असं ती म्हणे. तो स्वयंपाकघरात जाऊन रडे आणि नळ सोडून ठेवी.

ती पहाटे गेली. तिला वसईला न्यायचं होतं. बॅग भरायला त्याने कपाट उघडलं. समोर त्याचा काळा सूट टांगलेला होता. किती तरी वर्षांपूर्वी शिवलेला, आता कमरेत न बसणारा. सूट इस्त्री केलेला होता. पँटची कंबर सैल केलेली होती. टाके इव्हॉनच्या हातचे होते.

तिला ठाऊक होतं.

वसईला दफनविधी झाल्यावर दफनभूमीच्या फाटकापाशी त्याने फेबियनला गाठलं.

"तिला कोणी सांगितलं?"

"मी नाही, भावजी."

"माझ्याशिवाय तुला एकट्यालाच माहीत होतं."

"क्रूस हातात घेऊन सांगितलंय तुम्हाला."

"तो क्रूस काढून ठेव," ज्युलियस म्हणाला. "तिचे शेवटचे महिने तू नासवलेस. तुझं माझं खलास."

लोक बघत होते. फेबियनची आई बघत होती.

ओमानला परतल्यावर फेबियनने मस्कतचं हॉटेल सोडलं आणि दूर सहम गावात एका खानावळीत काम धरलं. त्याचे फोन येत. ज्युलियस ते घेत नसे. मग फोन यायचे थांबले.

एका शुक्रवारी डायना डबा घेऊन खाली आली. टेबलावर पत्त्यांचा कॅट तसाच पडला होता.

"धनंजय विचारत होता," ती म्हणाली. "परत बसायचं का? माझी एक मैत्रीण शिकायला तयार आहे. फेबियनला बोलवा, पाच होतील."

"त्याचं नाव काढू नकोस. त्याने इव्हॉनला सांगितलं."

डायनाने डबा खाली ठेवला. "काय सांगितलं?"

"आजाराचं. अजून कोण सांगणार?"

"त्याने काही नाही सांगितलं. डॉक्टरकडे जाऊन आलात त्याच आठवड्यात ती माझ्याकडे येऊन रडली होती. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाली. तो एवढं लपवतोय, तर लपवू दे, असं म्हणाली."

"मग तिला कळलं कसं?"

डायनाने टेबलावरचा कॅट उचलला.

"ती म्हणाली, भिडूचा पत्ता हातात आला की ज्युलियस चहा करायला उठतो. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही. आणि डॉक्टरकडून आल्यापासून पत्ते नसतानाही रोज उठतोय."

फेबियनला ज्युलियसने अजून फोन केलेला नाही.