पाठीतलं पाणी

"पुन्हा पाठीत सुई कशाला?" बायको कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि भिंतीशीच भांडत होती. "आठवड्यापूर्वी काही नाही म्हणाले ना? की मी आजारीच बरी दिसते तुम्हाला?"

नवऱ्याने ऐकून घेतलं. शहराचं पाणी तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती, आणि एका बाटलीवर विसंबून त्याने कधी सही केली नव्हती. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या छातीतली गाठ काढली होती. आता महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. रोग मेंदूपर्यंत पोचला की काय, एवढाच प्रश्न होता. मेंदूचा फोटो चांगला आला, मणक्यातलं पाणीही चांगलं निघालं. घरचे सगळे सुटल्यासारखे हसले. हा मात्र तोंड पाडून डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसला.

"एकदा सापडलं नाही, म्हणजे नाहीच असं धरायचं?"

"नाही धरता येत," त्या म्हणाल्या. "पेशी थोड्या असल्या तर पहिल्या खेपेला निसटतात. पुन्हा काढू, थोडं जास्त काढू."

आता नळीत एकेक थेंब पडत होता. अगदी नितळ. पण नितळ पाण्याने त्याला आजवर कमी फसवलं नव्हतं. त्याने बायकोचा हात धरला. तिने तो रागाने सोडवून घेतला, आणि सुई हलली तसा पुन्हा घट्ट पकडला.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. "याही वेळी कॅन्सरची एकही पेशी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोकं मानेमुळे दुखतंय. व्यायाम सांगते, तीन महिन्यांनी दाखवून जा."

त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. आणि एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरची नर्स दार उघडून डोकावली.

बायकोला मात्र रडू फुटलं.

"अगं, सगळं चांगलं आहे! रडतेस काय?"

"मागच्या वेळी घरभर सगळे हसत होते, आणि तुमचं एकट्याचं तोंड पडलेलं." तिने पदराने नाक पुसलं. "मला मेलीला रिपोर्टातलं काय कळतंय? मी आपली तुमच्या तोंडाकडे बघते."