पाहुण्यांच्या ताटातला मासा

माशाच्या पोटाचा मधला तुकडा मुलीची आई एरवी नवऱ्यालाही सहजासहजी द्यायची नाही. आज तो तिनं पाहुण्यांच्या ताटात वाढला. पाहुण्यांनी भात संपवला, भाजी संपवली, वरण दोनदा मागून घेतलं. तुकडा जिथल्या तिथं.

पाहुणे म्हणजे मुलाचे वडील. ते अडतीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर कप्तान होते. सगळा गाव त्यांना कप्तानच म्हणायचा. अशा माणसाला मासा वाढायचा म्हणजे सोनारापुढे सोनं ठेवायचं. सकाळी बाजारात तीन फेऱ्या मारून, कल्ले उघडून बघून तिनं हा एकच मोठा मासा आणला होता. लग्नाची बोलणी जेवणानंतर व्हायची होती. आणि पाहुण्यांना त्यात काही खोट दिसली असेल तर?

“ताजा नाही का वाटत?” तिनं शेवटी विचारलंच.

“ताजा आहे,” कप्तान म्हणाले. “तुम्ही झाकण काढलंत तेव्हाच कळलं.”

“मग तिखट पडलाय का?”

कप्तानांनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा भातात बोटानं रेघोट्या ओढत होता. “मी याला शब्द दिलाय, आज तो विषय काढणार नाही म्हणून.”

“बाबा,” मुलगा हळूच म्हणाला.

“आता अर्धा काढलाच आहे, तर पुरा काढा,” मुलीचे वडील म्हणाले. ते शिंपी होते. अर्धवट सोडलेलं काम त्यांना खपायचं नाही.

कप्तानांनी पाण्याचा घोट घेतला. “मी आठवड्यातून एकदाच मासा खातो. आणि भेटेल त्याला सांगतो, जरा कमी खा. हल्ली बाजारात मला बघितलं की लोक रस्ता बदलतात. इथंही तसं होईल, अशी याला धास्ती.”

“तब्येतीमुळे का?” आईनं विचारलं.

“माझ्या नाही. समुद्राच्या.”

शिंप्यांनी हातातला घास खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही जन्मभर मासे धरले आणि आता आम्हाला सांगता, कमी खा. उद्या मी कात्री ठेवून लोकांना सांगू का, कपडे शिवू नका?”

“कापड संपत आलं असतं, तर तुम्हीही सांगितलं असतं.”

कप्तानांचा आवाज चढला नव्हता. “दुसरा कोणी सांगायला गेला तर लोक म्हणतात, तुला काय कळतं त्यातलं? मला तसं कोणी म्हणू शकत नाही. मी नवा होतो तेव्हा पहाटे निघून संध्याकाळी भरल्या बोटीनं परत यायचो. पुढे पुढे आठ-आठ दिवस लांब जावं लागायचं. शेवटच्या फेरीला जाळं जड लागलं. बोटीवरची पोरं खूश झाली. फळ्यांवर उपडं केलं, तर सगळी पिल्लं. एवढी.” त्यांनी करंगळी पुढे केली. “मोठा एकही नाही. माणसाच्या ताटात जायच्या लायकीची नव्हती ती. कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्या कारखान्यात गेली. मी फावड्यानं भरली, ताई. फावड्यानं.”

आईला तिच्या सासूबाई आठवल्या. त्या दारावर आलेल्या टोपलीत हात घालून, नाकं मुरडून निवडून घ्यायच्या. हिला आज अख्ख्या बाजारात असा एकच सापडला होता.

मुलगी इतका वेळ रश्श्याचं भांडं धरून उभी होती. ती म्हणाली, “पण हा तर शिजलाय, काका. तुम्ही नाही खाल्लात म्हणून तो काही परत पोहायला जाणार नाही.”

आईनं तिच्याकडे डोळे वटारले. कप्तान मात्र आल्यापासून पहिल्यांदा हसले.

“खरं आहे पोरी. वाया घालवणं त्याहून वाईट.”

त्यांनी तुकडा जवळ ओढला. घाई नाही, गप्पा नाहीत. एकेक पाकळी सोडवून ते खात होते आणि काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत होते. तुकडा संपल्यावर त्यांनी विचारलं, “डोकं कुठंय?”

“ते मांजरीसाठी ठेवलंय,” आई ओशाळून म्हणाली.

“मांजरीला पोळी घाला आज.”

डोकं आलं. गालातलं मांस त्यांनी अलगद काढलं, एक हाड चोखून दुसऱ्याला हात घातला. शिंपी आपला घास विसरून बघत राहिले. काम येणारा माणूस त्यांना लगेच कळायचा. शेवटी ताटात जे उरलं ते इतकं स्वच्छ होतं, की धुऊन ठेवल्यासारखं.

“मीठ नेमकं पडलंय,” कप्तान म्हणाले.

आईच्या जिवात जीव आला. हाताला सवयच होती; तिनं उलथन्यावर दुसरा तुकडा उचलला. ‘घ्या की अजून एक’ हे शब्द ओठांवर आले आणि तिथंच थांबले. आजवर पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय तिनं ताटावरून उठू दिलं नव्हतं. तिनं तुकडा परत भांड्यात ठेवला आणि झाकण घातलं.

“तुमच्याकडे खायचा वार कोणता?” तिनं विचारलं.

“रविवार.”

ती लेकीकडे बघत म्हणाली, “हिची रविवारी दवाखान्यात ड्युटी असते. नर्सला कुठला आलाय रविवार? सुट्टी बुधवारी मिळते, आणि माशावर हिचा भारी जीव. तुमच्या घरचा वार बदलता येईल का?”

शिंप्यांनी चमकून बायकोकडे पाहिलं. मुलगी भांडं घेऊन आत जायला निघाली होती, ती दारातच थांबली.

कप्तानांनी विचार केला. अगदी मनापासून, बोट सोडण्याआधी वाऱ्याचा अंदाज घेताना करत असतील तसा.

“बुधवार,” ते म्हणाले.