उसनी लेक

“आधी ‘आई’ म्हण. मग चमचा पुढे कर,” मावशी म्हणाल्या.

“पण मी काय त्यांची…”

“म्हण गं. जीभ झिजत नाही.”

लवंगीनं म्हटलं. कॉटवरच्या आजींनी भिंतीकडे केलेलं तोंड वळवलं, तिला न्याहाळलं आणि आ केला. सूप आत गेलं. दारात उभ्या असलेल्या मावशींनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तो लवंगीला ऐकू आला.

लवंगी म्हणजे युवक मंडळातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तापट मुलगी. नाव मंडळानंच ठेवलेलं. मंडळ सुट्टीत परदेशी सेवेला आलं होतं. पोटापाण्यासाठी कधीकाळी इकडे आलेली आणि इथंच म्हातारी झालेली आपली माणसं ज्या वृद्धाश्रमात राहत, तिथं. कुणी कुंपण रंगवत होतं, कुणी चादरी धूत होतं. लवंगीच्या वाट्याला आजी आल्या.

आजींनी अन्न सोडल्यासारखंच होतं. मुलगी येईल, ती भरवेल, हे एकच पालुपद. मावशींनी घास पुढे केला की थुंकायच्या. “ओळख ना देख, भरवायला येते मेली!” मंडळ आलं त्या दिवशी मात्र लवंगीला बघून त्या उठून बसल्या. “आलीस? किती गं उशीर!”

“तुझं बरंय,” रंगानं माखलेला मंडळाचा दादा म्हणायचा. “आमच्या पाठी मोडल्या आणि तू नुसता चमचा हलवतेस.”

“मग ये ना. तुलाच वेणी घालून बसवते.”

वेणीचं खूळ मावशींचं. त्या वृद्धाश्रमातच राहायच्या, आजींच्या शेजारच्या खोलीत. केस पिकलेले, कंबर धरलेली. तरी रोज सकाळी लवंगीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालायच्या. एकच. घट्ट. डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली.

“त्यांच्या डोळ्यांपुढे मुलगी अजून विशीतलीच आहे.”

सूप आधी आपल्या ओठाला लावून बघ. घाई नको. गुणगुणू नको, त्यांना खपत नाही. उशीचा कोपरा दुमडून दे.

सगळं मावशीच पढवायच्या.

“मुलगी असते कुठं?” लवंगीनं एकदा विचारलं.

“असते.”

“मग येत का नाही?”

मावशी चादरीची घडी घालत होत्या. “आजी ओळखत नाहीत तिला.”

“म्हणून तोंड फिरवायचं? वा! असली लेक असण्यापेक्षा नसलेली बरी.”

“खरंय गं,” मावशी म्हणाल्या. चांगली घातलेली घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

मग एका दुपारी त्यांनी लवंगीला बाजूला घेतलं. “आज एक विचारशील? रागावलीयेस का माझ्यावर, असं.”

“कशाबद्दल?”

“विचार तर. मुली विचारतातच की.”

लवंगीनं विचारलं. आजींनी तिची वेणी हातात घेतली, शेवटापर्यंत चाचपली.

“आईचा राग ओठात असतो, पोटात नसतो. न सांगता घर सोडून गेलीस, तेव्हा आला होता. आता कुठला? आलीस ना तू.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ती बाई कोण गं? सारखी दारात उभी असते. बसायला तरी सांग तिला.”

लवंगीनं वळून पाहिलं. दार रिकामं होतं.

निघायचा दिवस.

“‘जाते’ म्हणू नकोस. ‘येते’ म्हण,” मावशींनी बजावलं.

लवंगी ‘येते’ म्हणाली. आजींनी मान डोलावली, तिच्या गालावरून बोटं फिरवली. बाहेर आल्यावर मात्र लवंगीला रडू आवरेना.

“संध्याकाळी कोण भरवणार त्यांना?”

“मी बघते.”

“तुमच्या हातचं थुंकतात त्या!”

“थुंकू देत. चार घासांतला एखादा जातो पोटात.”

अंगणात बस लागली होती. दादा तिच्या नावानं शंख करत होता. लवंगी त्याच्याकडे न बघता तडक व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली.

“आजींच्या मुलीचा फोन नंबर द्या.”

“काय झालं?”

“आई इथं उपाशी मरायला टेकलीये आणि ती खुशाल आहे! तिच्या घशाखाली घास उतरतो कसा, एवढंच विचारायचंय मला. एकदा बोलू द्या तिच्याशी. मग जाते.”

“नंबर कशाला हवा?”

व्यवस्थापक उठले. त्यांनी खिडकी उघडली आणि दोरीवर चादरी वाळत घालणाऱ्या बाईंना हाक मारली.

“मावशी, जरा इकडे या. ही पोर तुमच्याशी बोलायचं म्हणतेय.”