पेढा

दोन हजार बावीस साल. आमच्या नातीला, पिंकीला, लग्नाआधी दात सरळ हवे होते. धरमपेठेतले डॉक्टर दीड वर्ष म्हणाले, म्हणून तिने मोबाइलवरून दात सरळ करणारे, दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे मागवले. आधी कंपनीचा पांढरा गोळा आला. तो आमच्या ह्यांनी कवळीने चावला.

“पिंके, पेढा इतका चिवट काहून आहे वं?”

“आबा, थो पेढा नाही! त्याच्यावर माझ्या दाताचा ठसा घ्याचा होता!”

बदलून द्या म्हणून तिने गोळा परत पाठवला. कंपनीने साचेच धाडले, थेट कवळीच्या मापाचे.

“आलेच त वाया काहून घालवा?” म्हणत ह्यांनी ते सहा महिने कवळीवर चढवले आणि कंपनीने मागितला तसा फोटोही पाठवला.

पिंकीने शेवटी धरमपेठेतल्या डॉक्टरांकडूनच तारा बसवून घेतल्या आणि तारांसकट बोहल्यावर चढली. पुढे डॉक्टरांनी तिचे दात सरळ केले. आमचे हे गेल्या वर्षी गेले. कंपनीच्या जाहिरातीत त्यांची कवळी अजून हसते आहे. खाली लिहिलंय, ‘पिंकी, वय बावीस.’