काट्यावरची मावशी

कारखान्याच्या वजनकाट्यावर क्रांतीनं लिहिलेलं सॉफ्टवेअर सुरू झालं. उसाची पहिली गाडी चढताच भोंगा बोलला, "वजन झालं. गड्या, जेवलास का रं?" क्रांतीनं घाईनं लॅपटॉप उघडला. हा तिच्या आईचा, मनुबाईचा आवाज. टेस्टिंगपुरता घरी रेकॉर्ड केलेला. पॅकेज बनवताना टेस्टचा कोड वगळायचा राहिला होता. तो वगळून तिनं पॅकेज पुन्हा चढवलं, तोवर दहा ड्रायव्हर हसत गेले. अकराव्याला भोंगा शिस्तीत म्हणाला, "वजन पूर्ण. कृपया पुढे जा." गाडी हलेना. "ताई, मावशी कुठं गेल्या?" ड्रायव्हर ओरडला. "माझ्या जेवणाचं इचारायचं ऱ्हायलं की!" मागनं हॉर्न वाजू लागले. कारखान्याचे साहेबही म्हणाले, "मावशींना परत आणा." क्रांतीनं आईला कराडहून बोलावलं, तिचा आवाज आता नीट रेकॉर्ड होऊन खऱ्या कोडात जाणार होता. नुसतं बोलायचं होतं, तरी मनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली.