देणाऱ्यांची रांग

"ही बाहुली नाही चालायची," बाई म्हणाल्या. "एक डोळा नाही तिला."

"मला चालते की," चिमणी म्हणाली.

"अगं, दुसऱ्याला द्यायचीय. टाकाऊ वस्तू द्यायची नाही, आवडती द्यायची. काय ठरलंय आपलं?"

"पण बाई, आवडती हीच आहे."

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून वकील उठला. हे नाव त्याला वर्गानंच दिलं होतं; प्रश्न विचारल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे.

"बाई, आपण देणार म्हणजे आपण श्रीमंत झालो का?"

"खाली बस."

"नाही, घरी सांगायला बरं म्हणून विचारलं."

बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं. हसू आलं होतं, पण त्यामागे दुसरंही काही होतं.

वर्षअखेरच्या सुट्टीआधी दर वर्षी शाळेच्या दारात एक मोठी गाडी येऊन उभी राही. मुलं रांगेत थांबत, एकेकाला जाड जॅकेट मिळे, फोटो निघे. पुढच्या थंडीपर्यंत ते आखूड होऊन धाकट्या भावंडाच्या अंगावर गेलेलं असे. गेल्या वर्षी फोटो काढणाऱ्यानं वकिलाची हनुवटी दोन बोटांनी खाली केली. "असं, जरा बिचारं दिसायला हवं," तो म्हणाला. वकिलानं मान तशीच ठेवली. त्या दिवशी त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

यंदा गाडी येणार नव्हती. बाईंनीच ती नको म्हणून कळवायला लावलं होतं.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, कडाडल्या होत्या. "जॅकेटं तुमच्या हट्टासाठी थांबतील, थंडी थांबेल का?"

"एकदा, मोठ्या बाई. एकदाच त्यांना देऊन बघू दे. देणं शिकवायचं म्हणतो आपण, आणि वर्षानुवर्षं शिकवतो काय? हात पुढे करायला."

टेबलावर पेन आपटत मोठ्या बाई कशाबशा हो म्हणाल्या. पण मनात घेतलं की त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. पुलापलीकडच्या शाळेचं छप्पर वादळात उडाल्याचं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी तिथे फोन लावला. त्या फोनवर बोलायला लागल्या की पलीकडच्याला फारसं काम उरत नसे.

"झालं पक्कं," त्यांनी येऊन सांगितलं. "तिथले सर तर एका पायावर तयार झाले. म्हणाले, मुलांना घेऊनच या, आमची पोरं डोळे लावून बसलीत."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"आपल्या मुलांची परिस्थिती सांगितली. घरी काही नाही, अंगावर धड स्वेटर नाही, सगळं."

"ते कशाला?"

"अहो, त्याशिवाय या देण्याची किंमत कशी कळणार त्यांना? आणि हो, मुलांच्या डोक्यांची मापं विचारत होते. कागदी टोप्या घालून स्वागतबिगत करतील."

मग बाईंनी तालीम घेतली. वस्तू दोन्ही हातांनी द्यायची. समोरच्याकडे सरळ बघायचं. चेहऱ्यावर कीव दिसता कामा नये.

"कीव कशी दिसते, बाई?" वकिलानं विचारलं.

बाईंच्या आधी चिमणीच म्हणाली, "जॅकेटवाल्या काकू बघतात ना, तशी."

चिमणीनं शेवटी आपली लोकरीची टोपी द्यायची ठरवली. बाहुलीपेक्षा ती नवी होती, आणि तिच्याकडे दुसरी नव्हती. बाईंना ती परत करावीशी वाटली. केली नाही. एकीला सूट दिली, तर सगळंच खेळ होऊन बसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

जायच्या दिवशी वारा नेमका पुलावर झोंबत होता. मुलं खांदे आवळून चालत होती. चिमणीचे ओठ निळे पडले होते आणि टोपी कागदात गुंडाळून तिनं छातीशी धरली होती.

"आत्ता घाल गं ती. तिथे पोचलो की दे," बाई म्हणाल्या.

"मग ती वापरलेली होईल ना."

बाईंनी आपली शाल काढून तिला गुंडाळली. तीत आणखी दोघी शिरल्या. उरलेल्यांकडे बघायचं बाईंनी टाळलं. यातलं एखादं पोर उद्या तापानं फणफणलं, तर त्याच्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मी त्याला मोठ्या मनाचं करायला निघाले होते?

पलीकडच्या शाळेवर छपराच्या जागी ताडपत्री ताणलेली होती. वाऱ्यानं ती फडफडत होती. आत मुलं भिंतीला लागून रांगेत उभी होती, हात पाठीमागे बांधून. कुणाचा हात पुढे आलेला नव्हता. बाईंना ते बघून बरं वाटलं. या सरांनाही पोरांची मान खाली गेलेली खपत नसणार.

सर पुढे आले. किडकिडीत माणूस, कोपरावर रफू केलेला कोट.

"या, या. तुमच्या मोठ्या बाईंनी सगळं सांगितलंय," ते म्हणाले. त्यांची नजर निळ्या ओठांवरून, उघड्या डोक्यांवरून फिरली. "चालत आलात? एवढ्या थंडीत?"

"मुलांनीच हट्ट धरला," बाई म्हणाल्या. ते अगदीच खोटं नव्हतं; टोपी न घालण्याचा हट्ट तरी चिमणीचाच होता.

मुलं समोरासमोर उभी राहिली. वकिलानं घसा खाकरला, पुडकं दोन्ही हातांत घेतलं, हनुवटी वर उचलली. या एवढ्यासाठीच बाईंनी ती गाडी नाकारली होती. त्यांनी त्याला मानेनं खूण केली.

त्याआधीच सरांनी टाळी वाजवली. भिंतीला लागून उभ्या मुलांनी पाठीमागचे हात पुढे आणले. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एकेक पुडकं होतं.

"लाजू नका, पुढे व्हा," सर आपल्या मुलांना म्हणाले. "आपल्यापेक्षाही ज्यांच्याकडे कमी आहे असं मी सांगत होतो ना, ती हीच मुलं."