अकरा नंबरचं पांघरूण

द्वारकामावशींचा नवरा गुरुवारी गेला. पण तो गेलाच नाही असं आपण धरून चालू, कारण मावशीही तसंच धरून चालल्या आहेत.

मावशी तालुक्याच्या दवाखान्यात आया. एखादा पेशंट जाणार असला की त्यांना आतून कळायचं आणि त्यांचे हात आपोआप त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करायचे. अंदाज कधीच चुकला नाही. डॉक्टर हसायचे, पण नातेवाइकांना फोन मात्र मावशींचे हात बघूनच करायचे. मावशी वॉर्डात शिरल्या की ऐन थंडीत सगळे पेशंट पांघरुणं उशीखाली दडवायचे.

मग अकरा नंबरच्या कॉटवर त्यांचा नवराच आला. मावशी तीन दिवस हात पदरात गुंडाळून त्याच्याजवळ बसल्या.

"अगं, पाय गारठलेत. घाल की जरा पांघरूण."

"तुमचे हात मोडलेत का?"

"पेशंट आहे गं मी!"

गुरुवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत. उद्या घरी न्या." मावशींचा जीव भांड्यात पडला. हुश्श करून खाली बघतात तर हात पदरातून कधीच सुटलेले, आणि पांघरूण पायांवर नीट सारखं केलेलं.

"आत्ता कसं!" नवरा खूश होऊन म्हणाला. "ऊब आली बघ."

शुक्रवारी मावशींनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला: "कॉट नंबर अकराबाबत माझा अंदाज साफ चुकलेला आहे. तरी तसा सहीशिक्क्यानिशी दाखला मिळावा, ही नम्र विनंती."